जॅग्वारचं नवं रूप चालेल का? लोगो सोडा, हप्ता बघा

प्रश्न असा आहे: जॅग्वारनं लोगो बदलला, जाहिरातीत गाडीच दाखवली नाही, युरोपातली विक्री ९७ टक्क्यांनी कोसळली. एवढा जुना ब्रँड असा जुगार खेळून तगू शकतो का?

तगू शकतो, पण पूर्वीपेक्षा खूपच लहान होऊन. आणि बुडालाच तर लोगोमुळे बुडणार नाही.

आधी त्या ९७ टक्क्यांचं बघू, कारण हा आकडा सगळीकडे चुकीच्या अर्थानं फिरतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपात १,९६१ जॅग्वार नोंदल्या गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये ४९. लोकांनी लगेच त्याचा संबंध नोव्हेंबर २०२४ च्या त्या रंगीबेरंगी जाहिरातीशी लावला. खरी गोष्ट अशी की एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या मॉडेलांचं उत्पादन २०२४ मध्येच थांबवलं होतं आणि ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांची विक्री त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद झाली होती. दुकानात मालच ठेवला नाही तर गल्ला रिकामाच राहणार. जाहिरात आवडली की नाही, हे या आकड्यावरून कळतच नाही. ही पोकळी कंपनीनं ठरवून ओढवून घेतली आहे. जुन्या स्वस्त गाड्या आणि नवी महाग गाडी एकाच शोरूममध्ये शेजारीशेजारी उभ्या राहायला नकोत, हा त्यामागचा हिशेब. हिशेब समजण्यासारखा आहे, पण विक्रीशिवाय काढलेल्या या काळात विक्रेते, मेकॅनिक आणि जुनी गिऱ्हाइकं तिघंही दुसरीकडे जातात, ही त्याची किंमत.

आता मुख्य अडचण. जॅग्वारचा वारसा म्हटलं की लोकांना ऐषआराम आठवतो. पण या कंपनीचं खरं कसब वेगळं होतं: महागड्या गाडीचा रुबाब तिच्या निम्म्या किमतीत. १९२२ मध्ये ब्लॅकपूलला मोटारसायकलचे साइडकार बनवणाऱ्या विल्यम लायन्स यांनी आयुष्यभर हेच केलं. १९६१ ची ई-टाइप जिनिव्हात दाखवली तेव्हा तिची उघड्या टपाची आवृत्ती करांसह २,०९७ पौंडांना होती. त्याच पंक्तीतल्या ॲस्टन मार्टिन किंवा फेरारीला याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागत. एक्सके१२० चं तेच आणि १९६८ च्या एक्सजे६ चंही तेच. म्हणजे बाजारातली सर्वांत वरची किंमत लावून गाडी विकण्याची सवय या कंपनीला शंभर वर्षांत कधी लागलीच नाही. आता कंपनी म्हणते, नवी चार दारांची विजेवरची गाडी १ लाख पौंडांच्या वर असेल आणि जुन्या ग्राहकांपैकी फार तर १० ते १५ टक्के सोबत येतील. वारशाचं नाव घेऊन वारशाच्या उलट्या दिशेनं जाणं म्हणतात ते हेच. जाहिरातीतल्या गुलाबी रंगाबद्दल तावातावानं भांडणाऱ्यांचं लक्ष इथे फारसं जात नाही.

मग जुन्याच वाटेनं का जात नाहीत? कारण ती वाट तोट्याची होती. जॅग्वार फोर्डच्या मालकीची असताना २००१ ची एक्स-टाइप मॉन्डेओ या फोर्डच्या साध्या घरगुती गाडीच्या पायावर बांधली. जर्मन गाड्यांना टक्कर द्यायची होती, पण लोकांना खाली मॉन्डेओ दिसली. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्यावर चूक उलट्या बाजूनं झाली. २०१५ ची एक्सई प्रामुख्यानं ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यात दाबल्यावर पोलादापेक्षा जास्त मागे उसळतो, त्यामुळे साचे पुन्हा पुन्हा घासून जुळवावे लागतात. पोलादासारखं झटपट स्पॉट वेल्डिंगही जमत नाही, म्हणून रिव्हेट आणि गोंद अशा जोडीनं बॉडी उभी करतात. लँड रोव्हरच्या महागड्या रेंज रोव्हरच्या किमतीत हा खर्च पचतो. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या किमतीत तो पचत नाही, कारण ३ सिरीज वर्षाला लाखोंनी विकली जाते आणि एक्सई तिच्या जवळपासही पोचली नाही. २०१८ मध्ये जॅग्वारच्या सगळ्या गाड्या मिळून जगभरात १ लाख ८० हजारांच्या आसपास विकल्या गेल्या, आणि तरीही नफ्याच्या नावानं जवळजवळ शून्य. त्यामुळे संख्या सोडून किंमत धरण्याचा निर्णय हौसेचा नाही, नाइलाजाचा आहे.

हा हिशेब आकड्यांत मांडून बघा. समजा नव्या गाड्यांच्या विकासावर २ अब्ज पौंड गेले. प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे गाड्या ज्यावर उभ्या करतात त्या मूळ सांगाड्याच्या, पूर्ण आयुष्यात अडीच लाख गाड्या विकल्या तर प्रत्येक गाडीवर ८,००० पौंडांचा भार पडतो. एक लाखच विकल्या तर २०,०००. सव्वा लाख पौंडांच्या गाडीला २०,००० चा भार झेपतो, चाळीस हजारांच्या गाडीला नाही. कागदावर योजना इथवर बरोबर आहे.

कागद आणि रस्ता यांच्यात आडवी येते ती उरलेली किंमत, म्हणजे तीन वर्षांनी गाडी कितीला विकली जाईल याचा आधीच बांधलेला अंदाज. ब्रिटन आणि अमेरिकेत या वर्गातल्या विजेच्या गाड्या बहुतेक लोक रोख विकत घेत नाहीत, भाडेकरारावर घेतात, आणि मासिक हप्ता या अंदाजावर ठरतो. समजा गाडी १,२०,००० पौंडांची आहे. तीन वर्षांनी ५० टक्के किंमत उरेल असं धरलं तर ३६ महिन्यांत ६०,००० वसूल करायचे, म्हणजे व्याज सोडून महिना १,६६७ पौंड. ३५ टक्केच उरेल असं धरलं तर ७८,००० वसूल करायचे, म्हणजे महिना २,१६७. गाडी तीच, छापील किंमत तीच, पण हप्त्यात ५०० पौंडांचा फरक. ज्या ब्रँडनं या किमतीत मोजक्या खास गाड्यांपलीकडे काही विकलेलं नाही, त्याला कोणती वित्तकंपनी ५० टक्के धरून देईल?

इथे कंपन्या एक ठरलेली चूक करतात. हप्ता आकर्षक दिसावा म्हणून उरलेली किंमत फुगवून धरतात आणि फरक पदरचा घालायची हमी देतात. पहिली दोन वर्षं विक्री छान दिसते. तिसऱ्या वर्षी करार संपलेल्या गाड्या एकदम परत येतात, लिलावात पडेल त्या भावानं जातात, जुन्या गाडीचा भाव पडला की नवीचा हप्ता वाढतो, आणि चक्र उलटं फिरायला लागतं. विजेच्या महाग गाड्यांत हे जास्त जोरात होतं, कारण बॅटरीबद्दल दुसऱ्या मालकाच्या मनात धास्ती असते. जॅग्वारच्या वाट्याला ती धास्ती जरा जास्तच आहे. आय-पेस ही जॅग्वारची आधीची विजेची गाडी २०१९ ची वर्ल्ड कार ऑफ द इयर, गाडी म्हणून उत्तम. पण आगीच्या धोक्यामुळे २०२४ मध्ये अमेरिकेत २०१९ च्या सुमारे २,७६० आय-पेस कंपनीला मालकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या.

एक गोष्ट जॅग्वारच्या बाजूनं आहे आणि तिची चर्चा फार कमी होते: ब्रिटनची करपद्धत. तिथे कंपनीनं दिलेली गाडी वापरली की गाडीच्या छापील किमतीचे ठरावीक टक्के तुमचं उत्पन्न धरतात. २०२६-२७ साठी पूर्ण विजेच्या गाडीला हा दर ४ टक्के आहे, जास्त धूर सोडणाऱ्या पेट्रोल गाडीला ३७ टक्के. १,२०,००० च्या विजेच्या गाडीवर ४,८०० पौंड उत्पन्न धरलं जाईल. ४५ टक्के प्राप्तिकराच्या गटातल्या माणसाला वर्षाला कर २,१६०. तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर १९,९८०. कंपनीचा संचालक याच कारणानं विजेची गाडी निवडतो, शोरूमची सजावट बघून नाही. अर्थात हा दर दरवर्षी वाढतो आहे आणि ही सवलत पोर्शे, बीएमडब्ल्यू सगळ्यांनाच आहे.

फक्त विजेवर जायचं हे ठरलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्याच वेळी जवळजवळ तयार असलेली विजेची एक्सजे रद्द केली. तेव्हाचा अंदाज असा होता की २०२५ पर्यंत श्रीमंत ग्राहक आपणहून विजेकडे वळलेला असेल. तसं झालं नाही. पोर्शेच्या विजेच्या टायकान २०२३ मध्ये ४०,६२९ गेल्या, २०२४ मध्ये २०,८३६. त्यात मॉडेल बदलण्याचा काळही होता, पण घसरण तेवढ्यानं समजावता येत नाही. बेंटलीनं पूर्ण विजेवर जाण्याचं वर्ष २०३० वरून २०३५ वर नेलं. माझेराटीनं आपल्या एमसी२० ची विजेची आवृत्ती रद्द केली. जॅग्वारला असं मागे सरकणं अवघड आहे. तिचा नवा प्लॅटफॉर्म विजेसाठीच आखलेला आहे. तळाशी बॅटरी असल्यावर इंधनाची टाकी कुठे ठेवायची, सायलेन्सरची नळी कुठून काढायची, टकरीचा मार सोसणारा पुढचा सांगाडा कसा बदलायचा, हे सगळं नव्यानं करावं लागतं. ते काही वर्षांचं काम आहे.

बेंटलीचं उदाहरण नेहमी देतात, म्हणून सांगतो. फोक्सवॅगनच्या हाती आल्यावर २००३ ची कॉन्टिनेंटल जीटी आली आणि वर्षाला हजारेक गाड्या विकणारी कंपनी काही वर्षांत त्याच्या कितीतरी पट विकू लागली. पण ती गाडी आधीच्या बेंटलींपेक्षा स्वस्त होती. नाव मोठं होतं, किंमत खाली आणली, लोक धावले. जॅग्वारला याच्या बरोबर उलटं करायचंय. तिच्या जास्त जवळचं उदाहरण मायबाखचं: मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लरनं २००२ मध्ये भरपूर पैसा ओतून स्वतंत्र ब्रँड म्हणून उभं केलं, २०१२ मध्ये बंद केलं आणि नंतर मर्सिडीजच्या नावापुढे जोडून परत आणलं. टोयोटाच्या लेक्ससनंही १९८९ मध्ये सुरुवात जर्मन गाड्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीनं केली होती. एका उडीत वर गेलेला ब्रँड शोधायचा म्हटलं तर हाताला फारसं लागत नाही. रेंज रोव्हर वर गेली, पण दर पिढीला एकेक पायरी चढत, आणि मधे विक्री एकदाही न थांबवता.

डिझाइनबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत दाखवलेली टाइप ०० ही संकल्पना-गाडी मला धाडसी वाटते आणि ते चांगलंच आहे. इंजिन नसताना एवढं लांब बॉनेट, मागे काचच नाही, २३ इंची चाकं. व्यवहाराच्या नजरेनं हे सगळं खर्चिक आहे: मोठ्या चाकांनी पल्ला घटतो, टायर महाग पडतात. पण सगळ्या विजेच्या गाड्या हवेला सोप्या जाव्यात म्हणून साबणाच्या वडीसारख्या दिसायला लागलेल्या असताना वेगळं दिसणं हेच विकता येतं. कंपनीचा दावा ७७० किलोमीटर पल्ल्याचा आणि १५ मिनिटांत ३२१ किलोमीटर भरण्याचा आहे. किलोमीटरला ०.२ युनिट धरलं तर त्यासाठी सरासरी २५७ किलोवॅटचा वेग लागतो. १५० किलोवॅटच्या चार्जरवर तेवढ्याच वेळात १८७ किलोमीटरच भरतील.

राहता राहिला खिसा. जॅग्वार लँड रोव्हरनं मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात २.५ अब्ज पौंडांचा करपूर्व नफा कमावला, तो प्रामुख्यानं रेंज रोव्हर आणि डिफेंडर या लँड रोव्हरच्या गाड्यांच्या जिवावर. सप्टेंबर २०२५ च्या सायबर हल्ल्यानं कारखाने जवळजवळ पाच आठवडे बंद पडले आणि ब्रिटिश सरकारला १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. डिफेंडर विकली जाते तोवर जॅग्वारला वेळ आहे. ती अडखळली की सर्वांत आधी कुणाचा खर्च कापला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून गाडी बाजारात आल्यावर जाहिरातीवरच्या प्रतिक्रिया मोजू नका. पहिल्या सहा महिन्यांत हप्त्यावर सवलत आली का, ते बघा. वर्षभर वापरलेली गाडी छापील किमतीच्या किती टक्क्यांना निघते, ते बघा. ६५ टक्क्यांच्या खाली गेली तर अवघड आहे. दुसऱ्या मॉडेलची तारीख पुढे ढकलली जाते का, यावर नजर ठेवा, कारण एका गाडीवर स्वतंत्र प्लॅटफॉर्म परवडत नाही. आणि कंपनीनं बुकिंगचे मोठे आकडे जाहीर केले तर अनामत परत मिळण्याजोगी होती का, एवढं आधी विचारा.