तिसऱ्या फेरीपूर्वी

दादर, मुंबई

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. चियांग माईला तुझा जम बसला आहे, मुंबईच्या कंपनीचे व्हिडिओ-संकलनाचे काम तिथूनच सुरळीत चालले आहे, आणि व्हिसाविना मिळालेली मुदत संपत आली की मलेशियात क्वालालंपूरला दोन रात्री काढून पुन्हा थायलंडमध्ये शिरायचे, असे तू आतापर्यंत दोनदा केलेस, हे वाचले. आता तिसऱ्यांदा जाऊ का, असे विचारतोस. माझे उत्तर ‘जाऊ नकोस’ असे आहे. पण तुला नुसते उत्तर पुरणार नाही, कारण तुझ्या आजूबाजूला राहणारे सगळेच हे करतात आणि त्यांचे काही बिघडलेले तुला दिसत नाही. म्हणून थोडे लांबण लावून लिहितो.

थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना व्हिसाविना 30 दिवस दिले आणि 15 जुलै 2024 पासून ती मुदत 60 दिवसांची केली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी त्याचा अर्थ ‘दर खेपेला साठ दिवस मिळणारच’ असा घेतला. तसे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मुंबईत घर भाड्याने घेताना आपण अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार करतो आणि त्याचे कितीही वेळा नूतनीकरण झाले तरी भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. व्हिसामाफीचेही तसेच आहे, ती परवानगी आहे आणि प्रत्येक वेळी ती नव्याने मागावी लागते. तिथल्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्याच्या बाराव्या कलमात प्रवेश कोणाला नाकारता येतो याची यादी आहे, आणि उदरनिर्वाहाचे योग्य साधन नसलेला किंवा परवान्याविना काम करण्यासाठी येणारा माणूस त्या यादीत बसतो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याला तुझ्यावर काही सिद्ध करावे लागत नाही. तू पर्यटक आहेस हे तूच त्याला पटवून द्यायचे असते.

ते पटवणे दर फेरीगणिक अवघड का होते, हे मी या धंद्यात असताना जवळून पाहिले आहे. फोर्टमधल्या एका प्रवासी कंपनीत व्हिसाच्या टेबलावर उमेदीची वर्षे काढल्यामुळे माणसाच्या तोंडाआधी त्याचा पासपोर्ट वाचण्याची सवय मला लागली, आणि काउंटरवरचा अधिकारी तेच करतो. तो आधी प्रवेशाच्या शिक्क्याची तारीख पाहतो, मग बाहेर पडल्याच्या शिक्क्याची, मग पुढच्या प्रवेशाची. खरा पर्यटक दहा-पंधरा दिवसांत परततो आणि त्याच्या दोन सहलींत काही महिन्यांचे अंतर असते. तुझ्या पासपोर्टात मात्र प्रत्येक मुक्काम मुदतीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत संपतो, मध्ये मलेशियाचे एक पान येते आणि तिसऱ्या दिवशी तू पुन्हा दारात उभा असतोस. त्यात 1 मे 2025 पासून आगमनाची माहिती आधीच ऑनलाइन भरून द्यावी लागते, तेव्हा पासपोर्ट नवा करून घेतला तरी जुना हिशेब पुसला जाईल या भरवशावर राहू नकोस.

तुझ्या शेजारच्या खोलीतला अमुक आठ वेळा जाऊन आला, असे तू लिहितोस. जाऊन आला असेल. पण तो केव्हा, कोणत्या पासपोर्टवर आणि कोणत्या नाक्यावरून गेला, हे त्याला विचारलेस का? जमिनीवरच्या नाक्यांवरून व्हिसाविना प्रवेश वर्षातून दोनदाच, अशी मर्यादा थायलंडने 31 डिसेंबर 2016 पासून घातली. विमानाने येणाऱ्यांसाठी असा ठरीव आकडा नव्हता, म्हणून लोक व्हॅन सोडून विमानाकडे वळले. पण नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केले की सबळ कारणाविना दोनपेक्षा अधिक वेळा अशा फेऱ्या केलेल्यांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तुझी तिसरी फेरी नेमकी इथे येऊन ठेपते. शेजाऱ्याच्या आठ फेऱ्या त्याआधीच्या असतील, तर त्यांचा तुला आज काडीचाही उपयोग नाही.

सगळे देश हा हिशेब एकाच पद्धतीने करत नाहीत, हेही तुला ठाऊक असावे, कारण उद्या तू दुसरीकडे मुक्काम हलवशील. थायलंडमध्ये प्रत्येक प्रवेशाची मुदत स्वतंत्र मोजली जाते, म्हणूनच ही पळवाट निघाली. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत मिळून 90 दिवस अशी मोजणी आहे आणि ती रोज एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे चार दिवस बाहेर जाऊन आल्याने काहीच साधत नाही. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा यांची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. कझाकस्तान भारतीयांना व्हिसाविना 14 दिवस देते, पण 180 दिवसांत एकूण 42 दिवसांवर जाऊ देत नाही. थायलंड उद्या या वाटेने जाणार नाही, असे मी तरी गृहीत धरणार नाही.

आणि हे परदेशी लोकच असे संशयी असतात, असे मानू नकोस. 26/11 च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीच्या मुंबईच्या फेऱ्या उघडकीस आल्यानंतर 2009 च्या अखेरीस आपल्याच सरकारने पर्यटक-व्हिसावरच्या दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले होते. गोव्यात सहा महिने राहायचे, चार दिवस नेपाळला जायचे आणि परत यायचे, अशी घडी बसवलेल्या कितीतरी परदेशी लोकांचा संसार त्या एका आदेशाने मोडला. 2012 मध्ये बहुतेक देशांसाठी ती अट सैल झाली, पण तोवर ज्यांचे सामान गोव्यात राहिले आणि ज्यांना स्वतः काठमांडूत अडकून पडावे लागले, त्यांना ते सैल होणे फारसे कामी आले नाही.

आपल्या लोकांनी हा अनुभव आखातातही घेतलेला आहे. दुबईला भेटीच्या व्हिसावर गेलेली रत्नागिरी-रायगडकडची मुले मुदत संपली की इराणच्या किश बेटावर जात, कारण तिथे व्हिसा लागत नसे, आणि नवा व्हिसा हाती येईपर्यंत तिथेच थांबत. एजंटाने ‘दोन दिवसांचे काम’ म्हणून पाठवलेले होते, म्हणून जवळ दोनच दिवसांचे पैसे. व्हिसा लांबला की हॉटेलचे बिल चढत जाई आणि घरून पैसे मागवावे लागत. आमच्या टेबलावर अशा मुलांचे वडील येऊन बसत. त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नसे, कारण व्हिसा कधी येईल हे त्या एजंटालाही ठाऊक नसे.

तुला प्रवेश नाकारला तर काय होईल, याचा विचार तू केलेला दिसत नाही. ज्या विमान कंपनीने तुला आणले तिच्यावरच तुला परत नेण्याची जबाबदारी येते, म्हणजे तू मुंबईला नव्हे, तर बहुधा क्वालालंपूरला परतशील. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसाविना 30 दिवस दिले आहेत, पण दुसऱ्या देशाने परत पाठवलेल्या माणसाला तिथला अधिकारी हसतमुखाने आत घेईलच असे नाही. तुझा मोठा संगणक, हार्ड डिस्क, खोलीची अनामत रक्कम, कंपनीचे अर्धवट काम हे सारे चियांग माईच्या कुलपाआड राहील. यापेक्षा दूरचा परिणाम असा की ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या व्हिसा-अर्जांत ‘तुम्हाला कोणत्याही देशाने प्रवेश नाकारला आहे का’ या अर्थाचा प्रश्न असतो. तिथे तुला ‘होय’ लिहावे लागेल, आणि ‘नाही’ लिहिलेस तर ते खोटे ठरून प्रकरण अधिक चिघळेल.

कामाबद्दल तू पत्रात एका ओळीत लिहून मोकळा झालास, पण अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारेल. पगार मुंबईच्या खात्यात येतो म्हणून ते काम थायलंडमधले नव्हे, हा युक्तिवाद तुला पटत असला तरी तो काउंटरवर मांडण्याचा नाही. परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला तिथे 5,000 ते 50,000 बाटपर्यंत दंड आणि हद्दपारी अशी तरतूद आहे. शिवाय एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की तू तिथला कर-निवासी, म्हणजे तिथल्या प्राप्तिकराच्या कक्षेत येणारा, ठरतोस आणि 2024 पासून बाहेर मिळवून तिथे आणलेल्या पैशाचाही विचार त्यात होतो. ते तुझ्या सीएला विचार, तो माझा प्रांत नाही.

आता काय करायचे ते लिहितो. सध्याच्या शिक्क्याखाली जी शेवटची तारीख लिहिली आहे ती आज पाहून ठेव. उतरल्याचा दिवस पहिला धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही: 1 जानेवारीला 60 दिवस मिळालेल्या माणसाचा शेवटचा दिवस साध्या वर्षात 1 मार्च असतो, 2 मार्च नव्हे. मुदत संपण्यापूर्वी स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात टी.एम. 7 हा अर्ज आणि 1,900 बाट भरून 30 दिवसांची वाढ मागता येते. सरहद्द न ओलांडता मिळणारी ही वाढ उघडपणे मागितलेली असते, म्हणून मला ती अधिक पसंत आहे. त्यासाठी घरमालकाने तुझ्या राहण्याची नोंद टी.एम. 30 या अर्जाने केलेली असावी लागते. कायद्याने ती 24 तासांत करायची असते, पण घरमालक चालढकल करतात, तेव्हा त्याच्याकडून तिची पावती आजच मागून घे.

मुदत उलटून राहण्याचा विचार मात्र मनात आणू नकोस. दिवसाला 500 बाट आणि जास्तीत जास्त 20,000 बाट दंड, हे ऐकून काहीजण त्याला महागडे भाडे समजतात. 90 दिवसांहून अधिक उलटले की स्वतःहून हजर झालेल्यालाही एक वर्षाची प्रवेशबंदी लागते, आणि पकडले गेल्यास काही दिवसांच्या विलंबालाही पाच वर्षांची. तसेच ‘पासपोर्ट द्या, तुम्ही इथेच बसा, शिक्का आम्ही आणतो’ असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी दुसरे वाक्यही बोलू नकोस. तो शिक्का बनावट असतो आणि सापडतो तो तुझ्याजवळ.

वाढीव 30 दिवसांत तिथले काम आवर आणि मुंबईला ये. तुझ्यासारख्यांसाठीच थायलंडने जुलै 2024 मध्ये डेस्टिनेशन थायलंड व्हिसा सुरू केला. तो पाच वर्षांचा असून दर प्रवेशाला 180 दिवस राहता येते, आणि बाहेरच्या कंपनीसाठी दुरून काम करणाऱ्यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. खात्यात 5,00,000 बाटइतकी शिल्लक दाखवावी लागते, हीच तुझी खरी अडचण असणार. ती रक्कम आज जमत नसेल तर उरलेले वर्ष इथे राहून जमव. अर्ज थायलंडबाहेरून, तोही ऑनलाइन करायचा असतो. नियम सारखे बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर आकडे पुन्हा पडताळून घे. माझ्या पत्रावर विसंबू नकोस.

कंपनीकडून मिळणाऱ्या पत्रात तुझे पद, पगार, नोकरी केव्हापासून आहे आणि काम कोठूनही करण्यास त्यांची हरकत नाही, या चारही गोष्टी कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हव्यात. नुसता ई-मेल चालवून घेतील या भरवशावर राहू नकोस. पत्राचा मसुदा आणि गेल्या सहा महिन्यांचे खातेउतारे मला आधी पाठव, मी वाचून दुरुस्त्या कळवीन. परतीचे तिकीट काढलेस की तारीख आईला आधी कळव, मग मला.

कळावे, लोभ असावा.