लसणाचा बुडखा सडतो, जैविक उपाय कोणता?

प्रश्न : काळ्या जमिनीत सोयाबीननंतर लसूण घेतो. गेल्या हंगामात पात शेंड्याकडून पिवळी पडली, रोप ओढताच मुळे तुटून येत होती आणि गड्ड्याच्या बुडाशी पांढरी बुरशी दिसत होती. रासायनिक औषधाशिवाय काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : लक्षणे फ्युजेरियमच्या बुडकुजीची आहेत. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते, बियाण्यातूनही येते. सडलेले रोप बरे होत नाही, म्हणून सगळी मेहनत लावणीआधीच घ्यायची.

एकरी 1 ते 2 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. ढीग सावलीत ओला ठेवा, गोणपाटाने झाका, मधूनमधून पाणी शिंपडून उलटा आणि 10 ते 15 दिवसांनी ओलसर जमिनीत मिसळा. ताजे शेण घेऊ नका, त्याच्या उष्णतेने ट्रायकोडर्मा मरतो. निंबोळी पेंडही द्या.

डाग किंवा जखम असलेल्या पाकळ्या निवडून काढा. उरलेल्यांना किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी लावा. ताम्रयुक्त औषध किंवा कार्बेन्डाझिमसारखे रासायनिक बुरशीनाशक सोबत नको. बहुतेक वेळा जैविक औषध ‘लागू पडत नाही’ ते यामुळे किंवा पाकीट मुदतबाह्य असल्यामुळे.

माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचते, तेव्हा गादीवाफा हवाच. त्या तुकड्यात निदान 3 ते 4 वर्षे लसूण-कांदा टाळा.

पानांवरचा जांभळा करपा वेगळा. फुलकिड्यांनी केलेल्या जखमांतून तो सहज शिरतो, म्हणून लिटरमागे 5 मिलि निंबतेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा.