एमआर वाढले, म्हणून शेअरमधली रक्कम वाढवावी का?

प्रश्न असा आहे : नाशिकच्या एका वाचकाने आठ महिन्यांपूर्वी एका छोट्या, शेअर बाजारात नोंदलेल्या औषध कंपनीत दीड लाख रुपये गुंतवले. कंपनीकडे सध्या ५५० वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे एमआर, आहेत आणि येत्या वर्षभरात आणखी ३०० नेमणार असल्याचे तिने जाहीर केले आहे. त्यानंतर दोन आठवड्यांत शेअर २४ टक्क्यांनी वर गेला आणि दीड लाखाचे १ लाख ८६ हजार झाले. वाचकांचे मेहुणे औषध दुकानदार आहेत. या कंपनीचा एमआर आता दर आठवड्याला दुकानात दिसतो, असे ते सांगतात. पुढच्या महिन्यात वाचकांची आठ लाखांची मुदत ठेव संपते. मुलगी अकरावीत आहे आणि ही रक्कम तिच्या पदवीच्या शिक्षणासाठी ठेवलेली आहे. याशिवाय म्युच्युअल फंडांत १४ लाख रुपये जमले आहेत. ही आठ लाखांची रक्कम या शेअरमध्ये घालावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार. पत्रासोबत कंपनीचे आकडे पाठवलेत, हे फार चांगले केलेत. कंपनीचे नाव येथे घेत नाही. एखादा शेअर घ्या किंवा विका असे जाहीर सांगणे या सदराचे काम नाही. मात्र आठ लाखांबाबतचे माझे मत स्पष्ट आहे. ती रक्कम या शेअरमध्ये घालू नका, आणि दुसऱ्या कोणत्याही एका शेअरमध्येही नको. आधी कंपनीच्या घोषणेकडे पाहू, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

एमआर नेमले जातात त्या दिवसापासून खर्च सुरू होतो आणि विक्री मागाहून येते. नवा माणूस आधी प्रशिक्षण घेतो, मग त्याला गाव आणि डॉक्टरांची यादी मिळते. दिवसाला दहा-बारा डॉक्टरांच्या भेटी तो घेतो, पण डॉक्टर त्याला नावाने ओळखू लागेपर्यंत आणि त्याच्या कंपनीची गोळी चिठ्ठीवर लिहू लागेपर्यंत कित्येक महिने जातात. त्यातच या कामात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, आणि माणूस गेला की त्याने जमवलेली ओळखही बऱ्याच अंशी त्याच्याबरोबर जाते.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. कंपनीची वर्षाची विक्री ३१० कोटी आहे, परंतु त्यातले ७० कोटी दुसऱ्या कंपन्यांसाठी औषधे बनवून देण्याचे आहेत आणि त्या कामाशी एमआरचा काही संबंध नाही. उरलेल्या २४० कोटींना ५५० एमआर आणि १२ महिन्यांनी भागले, तर एका एमआरमागे महिन्याला सुमारे ३ लाख ६४ हजार रुपयांची विक्री येते. घोषणेबरोबर ज्या सादरीकरणाचे पान तुम्ही पाठवलेत, त्यात सगळी विक्री धरून हा आकडा ४ लाख ७० हजार दाखवला आहे. तो चुकीचा नसला तरी आपल्या कामाचा नाही.

नव्या एमआरचा पगार, दैनिक भत्ता, प्रवास, नमुन्याची औषधे, प्रशिक्षण आणि त्याच्या वरच्या एरिया मॅनेजरच्या खर्चातला वाटा मिळून महिन्याला ६० हजार रुपये धरू. औषध बनवण्याचा खर्च वजा जाता १०० रुपयांच्या विक्रीतून ६५ रुपये हाती राहतात, असेही धरू. हे दोन्ही आकडे माझे अंदाज आहेत. तुम्ही ते बदलून हिशेब पुन्हा करू शकता. या अंदाजाने एका एमआरने स्वतःचा खर्च भरून काढण्यासाठी महिन्याला सुमारे ९२ हजारांची विक्री केली पाहिजे. पहिल्या वर्षी त्याची सरासरी ५० हजार राहिली, तर ३०० जणांमागे वर्षाला जवळजवळ १० कोटींची तूट येते. कंपनीचा करानंतरचा नफा २६ कोटी, म्हणजे करापूर्वीचा सुमारे ३५ कोटी आहे. त्यातून १० कोटी गेले, तर नफा एक चतुर्थांशाहून अधिक घटतो. शेअर २४ टक्क्यांनी वाढलेला असताना पहिल्या वर्षीचा नफा तितकाच किंवा त्याहून जास्त खाली जाऊ शकतो, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. घोषणेपूर्वी कंपनीचे बाजारमूल्य ७८० कोटी होते, ते आता ९६७ कोटींच्या आसपास आहे. घोषणेपूर्वी शेअर नफ्याच्या तीसपट भावाने मिळत होता. तोच मापदंड ठेवला, तर वाढलेल्या १८७ कोटींच्या मूल्याला करानंतर वर्षाला सुमारे सव्वासहा कोटींचा जादा नफा लागेल. त्यासाठी, कर आणि स्वतःचा खर्च धरून, प्रत्येक नव्या एमआरने महिन्याला सुमारे १ लाख २८ हजारांची विक्री करावी लागेल. जुन्या सहकाऱ्यांची सरासरी ३ लाख ६४ हजार असताना हे अशक्य मुळीच नाही, आणि म्हणून कंपनीचा निर्णय मला अविचारी वाटत नाही. माझा आक्षेप इतकाच आहे की हे यश घडण्यापूर्वीच भावात मोजले गेले आहे, आणि आज घेणारा त्याचे पैसे आगाऊ देणार आहे.

शिवाय जुनी सरासरी नव्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. जुन्या माणसांकडे जुने ब्रँड आणि जुने डॉक्टर आहेत. नवे ३०० जण नव्या जिल्ह्यांत जाणार आहेत, की जुन्याच डॉक्टरांची यादी दोघांत वाटून घेणार आहेत, हे कंपनीच्या निवेदनात सांगितलेले नाही. यादी वाटली गेली, तर एमआर वाढतील पण विक्री फारशी वाढणार नाही.

माणसे वाढवून मोठ्या झालेल्या औषध कंपन्या आपल्याकडे आहेत. १९९५ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या मॅनकाइंडने लहान गावांतल्या डॉक्टरांपर्यंत एमआर पाठवून आणि किमती आवाक्यात ठेवून देशातल्या आघाडीच्या कंपन्यांत जागा मिळवली. पण ती शेअर बाजारात आली मे २०२३ मध्ये. मधल्या जवळजवळ अठ्ठावीस वर्षांची जोखीम प्रवर्तकांनी आणि काही मोठ्या गुंतवणूकदारांनी घेतली. तुम्हाला ती जोखीम मुलीच्या शिक्षणाच्या पैशांवर घ्यायची आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेत व्यवसाय करणाऱ्या अमरिन या कंपनीचे आहे. तिच्याकडे माशाच्या तेलापासून शुद्ध केलेले व्हॅसेपा हे एकच औषध होते. त्यामुळे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका २५ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला आणि शेअर एका दिवसात चौपटीच्या आसपास गेला. कंपनीने विक्री प्रतिनिधींची संख्या २०१९ मध्ये सुमारे ४०० वर नेली, आणि डिसेंबरमध्ये औषधाच्या विस्तारित वापराला मंजुरी मिळाल्यावर ती ८०० च्या घरात नेण्याचे ठरवले. मार्च २०२० मध्ये नेवाडातील न्यायालयाने तिची मुख्य पेटंट रद्द ठरवली आणि शेअर सुमारे ७० टक्क्यांनी कोसळला. त्याच महिन्यात कोविडमुळे प्रतिनिधींना दवाखान्यांची दारेही बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये स्वस्त पर्यायी औषध बाजारात आले, आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेतील उरलेला विक्री विभागही बंद करत असल्याचे जाहीर केले. औषध चांगले होते आणि प्रतिनिधीही मेहनत करत होते. पण ज्या पेटंटच्या भरवशावर माणसे नेमली होती, ते टिकले नाही.

तुमच्या कंपनीचा प्रश्न पेटंटचा नाही, कारण ती जुन्या औषधांचेच ब्रँड विकते. तिच्याबाबत भाव कोण ठरवतो हे पाहावे लागेल. अत्यावश्यक यादीतल्या औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवते आणि त्या घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलतात : एप्रिल २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के वाढ मिळाली, तर एप्रिल २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच वाढवता येते. एमआरचा पगार मात्र दरवर्षी वाढवावाच लागतो. म्हणून २४० कोटींपैकी किती विक्री यादीतल्या औषधांची आहे, हे वार्षिक अहवालात शोधा, आणि सापडले नाही तर कंपनीला पत्र लिहून विचारा. भागधारक म्हणून तो तुमचा अधिकार आहे. त्याच पत्रात विक्री वाढवण्याच्या पद्धतींबद्दलही विचारा. मार्च २०२४ च्या सरकारी आचारसंहितेने डॉक्टरांना भेटवस्तू आणि प्रवासखर्च देण्यास मनाई केली आहे, आणि असा खर्च प्राप्तिकरात वजावट म्हणून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. अशा वाटेने मिळवलेल्या विक्रीवर विसंबलेला नफा मला नको असतो.

आता मेहुण्यांच्या सांगण्याबद्दल. ते तुमच्याजवळचे सर्वांत मौल्यवान साधन आहे, फक्त त्यांना विचारण्याचा प्रश्न बदला. एमआर किती वेळा येतो यापेक्षा त्या कंपनीच्या ब्रँडच्या किती चिठ्ठ्या येतात, हे विचारा. त्यांच्या बिलिंगच्या संगणकात गेल्या सहा महिन्यांत या कंपनीच्या पहिल्या तीन औषधांची किती विक्री झाली, ती किती डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर झाली आणि मुदत संपल्याने किती माल परत गेला, एवढे पाहायला अर्धा तासही लागणार नाही. दहा पट्ट्यांवर दोन मोफत अशी स्कीम सुरू आहे का, हेही विचारा. स्कीममुळे दुकानातली खरेदी वाढते, रुग्णाची नाही.

हाच फरक मोठ्या प्रमाणावर कंपनीच्या हिशेबात उमटतो. कंपनीने स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक वितरकाला, माल दिला की तिच्या वह्यांत विक्री धरली जाते. याला या व्यवसायात प्रायमरी म्हणतात. स्टॉकिस्टकडून दुकानात जातो ती सेकंडरी. नव्या भागात एमआर नेमले की आधी तिथले स्टॉकिस्ट मालाने भरले जातात आणि एक-दोन तिमाही विक्री छान दिसते. माल पुढे सरकत नसेल, तर येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे राहिलेले पैसे, फुगतात आणि वसुलीचे दिवस लांबतात. तिमाही निकालांत नफा-तोटा दिसतो, पण ताळेबंद आणि रोखीचा प्रवाह सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांबरोबरच येतो. विक्रीच्या तुलनेत येणी वेगाने वाढलेली दिसली, तर मी तो शेअर ठेवणार नाही.

आता तुमच्या पैशांविषयी. १४ लाखांचे फंड आणि हा शेअर मिळून तुमची समभागांतली गुंतवणूक १५ लाख ८६ हजार आहे आणि त्यातला जवळजवळ १२ टक्के भाग या एकट्या छोट्या कंपनीत आहे. एका कंपनीत १० टक्क्यांहून अधिक ठेवू नये, असे मी सर्वांनाच सांगतो. तुम्ही ती मर्यादा आधीच ओलांडली आहे. आठ लाख घातले, तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाईल. पहिले शुल्क दोन वर्षांत भरायचे आहे आणि महाविद्यालय शेअरचा भाव सावरेपर्यंत थांबत नाही. ठेवीचे नूतनीकरण शुल्काच्या तारखा पाहून वेगवेगळ्या मुदतींचे करा आणि रक्कम दोन बँकांत विभागा, कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच असते.

आधीचे दीड लाख मात्र आज घाईने काढण्याचे कारण दिसत नाही. आत्ता विकलेत, तर ३६ हजारांच्या नफ्यावर २० टक्के दराने, उपकर सोडून, ७,२०० रुपये कर लागेल. बारा महिने पूर्ण झाल्यावर विकलेत, तर वर्षाला सव्वा लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, आणि या चार महिन्यांत किमान एक निकालही हाती येईल. नव्या एमआरचा खर्च, येणी आणि मेहुण्यांच्या संगणकातले आकडे तेव्हा एकत्र ठेवून पाहा. त्याआधीच येणी बिघडल्याचे दिसले, तर सात हजारांचा कर वाचवण्यासाठी थांबू नका.