एकाच शहराला चार-चार एरिया कोड काऊन, अन् नागपूरला एकटा 0712 कसा पुरतो?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊचं म्हणणं थोडक्यात असं की त्यांची बहीण अन् मावसभाऊ दोघंही अमेरिकेत डॅलसला राहतात, घरं एकमेकांपासून जवळच, तरी बहिणीचा नंबर 214 नं सुरू होतो अन् मावसभावाचा 469 नं. मग एका शहराला इतके कोड लागतात काऊन, अन् आपलं नागपूर चारी बाजूंनी इतकं फुगलं तरी 0712 वरच कसं भागतं?

भाऊ, मी वणीला बरीच वर्षं एसटीडी-पीसीओ चालवला, त्यामुळं कोड म्हणजे आपला घरचा विषय. काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाईक, बाहेर मीटरवर लाल आकडे पळतायत, बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष बोलण्यात अन् अर्धं मीटरवर, अन् माझ्या काउंटरच्या काचेखाली कोडचा तक्ता. नागपूर 0712, अमरावती 0721, अकोला 0724. मग चंद्रपूर 07172, यवतमाळ 07232, अन् आमच्या वणीचा 07239, पुसदचा 07233. अन् वर ठळक अक्षरात मुंबई 022, दिल्ली 011. तक्ता नीट पाहिला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते की गाव जितकं मोठं तितका कोड छोटा, अन् तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

आपल्याकडं हिशोब दहाचा. सुरुवातीचा शून्य सोडा, तो फक्त 'बाहेरगावी चाललो' असं एक्स्चेंजला सांगण्यापुरता. उरलेला कोड अधिक नंबर मिळून दहा आकडे व्हायलाच पाहिजेत. मुंबईचा कोड 22, दोन आकडी, म्हणून नंबर आठ आकडी. नागपूरचा 712, म्हणून नंबर सात आकडी. वणीचा 7239, म्हणून सहा आकडी. सरकारी लँडलाईनचा नंबर 2 नं सुरू होतो, तेव्हा सहा आकडीत असे नंबर निघतात एक लाख, सात आकडीत दहा लाख अन् आठ आकडीत एक कोटी. शहर वाढलं, नंबर संपायला आले की आपल्याकडं नवा कोड देत नाहीत, कोडातलाच एक आकडा काढून नंबरात घालतात. पुण्याचा कोड आधी 0212 होता, तो 020 झाला. अहमदाबादचा 0272 होता, तो 079 झाला. मुंबई-दिल्लीचे कोड पहिल्यापासूनच छोटे, तिथं 2002 च्या सुमारास सात आकडी नंबरापुढं एक 2 लावला अन् ते आठ आकडी झाले. आमच्याकडंही त्याच काळात पाच आकडी नंबराला पुढं 2 लागला होता, अन् पुढचे कितीतरी महिने लोक डायरीतला जुना नंबर घेऊन यायचे अन् लागत नाही म्हणून माझ्याशीच भांडायचे.

आता अमेरिका. तिथंही दहाच आकडे, पण त्यांनी 1947 मध्येच गाठ मारून ठेवली की कोड तीन आकडी अन् नंबर सात आकडी, मग गाव असो की न्यूयॉर्क. अमेरिका अन् कॅनडा मिळून तेव्हा 86 कोड पाडले, अख्ख्या टेक्सासला चार. फोन सगळे चकतीचे, 9 फिरवायला 2 पेक्षा लय वेळ लागायचा, म्हणून जिथं फोन जास्त तिथं कमी खटक्यांचा कोड: न्यूयॉर्क 212, लॉस एंजेलिस 213, शिकागो 312. मधला आकडा कायम 0 किंवा 1, त्यावरून मशीनला कळायचं की हा कोड आहे, साधा नंबर नाही. ही मधल्या आकड्याची अट 1995 मध्ये काढावी लागली कारण तसे कोडच संपले.

म्हणजे आपल्यासारखी कोड-नंबरमधली रेघ मागंपुढं सरकवायची सोय त्यांना नाही. एका कोडात 80 लाखाच्या आतच नंबर बसतात, ते संपले की दुसरा कोड आणायचा, बस्स. त्याचे रस्ते दोन. पहिला म्हणजे भावाभावात वावराची हिस्सेवाटणी करतो तसं एरियाचे तुकडे करायचे, एकाकडं जुना कोड राहतो, दुसऱ्याला नवा मिळतो अन् त्याच्या दुकानाच्या पाट्या, लेटरहेड, चेकबुक सगळं बदलतं. न्यूयॉर्कमध्ये 1984 मध्ये असंच झालं, ब्रुकलिन-क्वीन्सवाल्यांना 718 दिला अन् मॅनहॅटनकडं 212 राहिला, तेव्हापासून 212 म्हणजे मोठेपणाची निशाणी होऊन बसली. दुसरा रस्ता म्हणजे त्याच एरियावर आणखी एक कोड वरून अंथरायचा. जुन्या लोकांचा नंबर बदलत नाही, नवं कनेक्शन घेणाऱ्याला नवा कोड, पण मग शेजारच्या घरीसुद्धा पूर्ण दहा आकडे फिरवावे लागतात कारण शेजाऱ्याचा कोड तुमचाच असेल याची खात्री उरत नाही.

डॅलसला हे दोन्ही प्रकार झाले. आधी एकटा 214 होता. 1996 मध्ये वाटणी झाली, मधलं शहर 214 वर राहिलं अन् भोवतालच्या वस्त्यांना 972. तीन वर्षांत तेही पुरेना, मग 1999 मध्ये मधली हद्दच पुसून टाकली अन् दोन्हींवर 469 अंथरला. 2021 मध्ये त्यावर आणखी 945 आला. तर तुमच्या बहिणीचा नंबर बहुतेक कोणाचा तरी जुना, फिरून आलेला असणार, अन् मावसभावानं घेतला तेव्हा दुकानात 469 चे होते. घराच्या पत्त्याशी त्याचा काही संबंध नाही. तिकडं नंबर सोबत घेऊनच लोक दुसऱ्या राज्यात जातात, त्यामुळं 214 वाला माणूस सिएटलमध्ये बसून बोलत असू शकतो.

पण इतके नंबर संपले कसे, माणसं काही चौपट झाली नाहीत, हा खरा मजेचा भाग आहे. 1996 च्या कायद्यानं तिकडं लोकल फोनच्या धंद्यात नव्या कंपन्या आल्या, अन् नंबर मिळायचे दहा हजाराच्या गठ्ठ्यानं, तेही प्रत्येक छोट्या भागासाठी वेगळे. कंपनीचे गिऱ्हाईक तिथं तीनशे असले तरी दहा हजार अडकले. नंतर शहाणपण सुचलं अन् हजार-हजाराचे गठ्ठे केले. वरून फॅक्स, पेजर, अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोबाईल. अमेरिकेत मोबाईललाही शहराचाच कोड देतात. नागपुरात घेतलेल्या प्रत्येक सिमचा नंबर 712 नं सुरू झाला असता तर काय झालं असतं विचार करा, एका वर्षात 0712 चा निकाल लागला असता. आपल्याकडं 1995 मध्ये मोबाईल आला तो 98 ची वेगळी सिरीज घेऊन, शहराच्या कोडाला त्यानं हातच लावला नाही. उलट मोबाईल आल्यावर लोकांनी लँडलाईन कापून टाकली, माझा पीसीओही त्यातच गेला, अन् 0712 मध्ये जागाच जागा झाली.

म्हणून आपला ताण शहराच्या कोडावर येत नाही, मोबाईलच्या सिरीजवर येतो. 98 चे संपले, मग नव्वदीतले बाकीचेही झाले, मग 8, 7, 6 नं सुरू होणारे आले. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावा असा नियम आला तो यासाठीच, त्यानं अडीचशे कोटींवर नवे नंबर मोकळे होतात असा हिशोब होता.

शहर वाढलं की आपल्याकडं होतं ते वेगळंच, मोठा कोड शेजारच्यांना पोटात घेतो. ठाणे, नवी मुंबई 022 मध्येच आहेत, पनवेलही आधी वेगळं होतं ते नंतर आत गेलं, पण कल्याण-डोंबिवली 0251 अन् वसई 0250 वर बाहेरच राहिले, लोकलनं रोज मुंबईत येऊनही. नागपूरचं मात्र पोट तेवढं सुटलं नाही. कामठी 07109, हिंगणा अन् बुटीबोरी 07104, आजही वेगळे. कारण हे कोड साधारण तालुक्याच्या हिशोबानं पाडलेले आहेत, मेट्रो कुठपर्यंत गेली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीचा लँडलाईन नंबर पाहा, पत्ता नागपूर लिहिलेला अन् कोड 07104. पीसीओच्या जमान्यात यात पैशाचाही फरक पडायचा, म्हणून मधे काही वर्षं राज्यातल्या राज्यात शून्याऐवजी 95 लावायची सोय होती, वणीवरून नागपूरला 95712. म्हातारी माणसं केबिनमधून ओरडायची, "काबे, शून्य लावू का पंच्याण्णव?"

जाता जाता एक, आपल्या विदर्भाचे सगळे कोड 07 नं सुरू होतात अन् बाकी महाराष्ट्र 02 मध्ये. भोपाळ 0755, जबलपूर 0761, रायपूर 0771, म्हणजे फोनच्या नकाशात आपण अजून जुन्या मध्यप्रांताच्याच पंगतीला बसलो आहोत. उमरखेडला पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात गेलं की 07 संपून 02 लागतो. राजेहो, यावरून राजकारण करू नका म्हणजे झालं.

तर नागपूरला दुसरा कोड येईल का, तर मला तरी दूरदूरपर्यंत दिसत नाही. अन् बहिणीचा नंबर सेव्ह करताना +1 लावून पूर्ण दहा आकडे टाका. तिला तिकडून नागपूरच्या घरच्या लँडलाईनवर फोन करायचा असेल तर +91 712 अन् पुढं सात आकडे, मधला शून्य काढून टाकायला सांगा, तो ठेवला की फोन लागत नाही अन् लोक म्हणतात नंबर चुकीचा आहे.