लहान मुलांशी कसं बोलायचं हे शिकवणारा सायकॉलॉजिस्ट कोण? माझं उत्तर: हाइम गिनॉट

गिनॉट ज्यू होते, 1922 साली तेल अवीवला जन्म, आधी तिकडे शाळेत शिकवायचे, मग अमेरिकेत जाऊन कोलंबियातून क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट केली. मुलांची थेरपी, आईवडिलांचे ग्रुप, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवणं असं सगळं चालू असायचं. 1965 ला त्यांचं 'बिट्वीन पेरेंट अँड चाइल्ड' हे पुस्तक आलं आणि तुफान खपलं, टीव्हीवर पण यायचे.

त्यांचं म्हणणं एकदम साधं होतं, मुलाच्या भावना सगळ्या चालतील पण वागणं सगळं चालणार नाही. म्हणजे भावाचा राग आला तर येऊ दे पण त्याला मारायचं नाही. आणि दूध सांडलं की "तू आहेसच वेंधळा" करत बसायचं नाही, दूध सांडलंय, हे घे फडकं, संपला विषय! आपल्याकडे अशा वेळी अख्ख्या खानदानाचा उद्धार होतो ते सोडा 😄

1973 मध्ये गेले, जेमतेम 51 वर्षांचे. त्यांच्या पालक ग्रुपमधल्या अडेल फेबर आणि इलेन मॅझलिश या दोघींनी नंतर हेच पुढे नेलं आणि आजच्या पेरेंटिंगच्या निम्म्या रील्स मला तरी गिनॉट यांचीच उसनवारी वाटतात, नाव मात्र कोणी घेत नाही.