"रक्तातच आहे" म्हणतात, खरं असतं का?

प्रश्न: आम्ही हर्णैजवळ राहतो. माझा मुलगा सोळा पूर्ण, अकरावीला आहे. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली आणि चारच दिवसांनी ह्याने दोन मित्रांबरोबर रात्री एका बोटीतून डिझेलचे तीन कॅन काढले नि विकले, पकडले गेले, आता बाल न्याय मंडळात चौकशी चालू आहे. चोरीपेक्षा त्याच्या बोलण्याचा राग येतो, म्हणतो "त्याच्या चार बोटी आहेत, त्याला काय फरक पडतोय." सासूबाई म्हणतात आजोबांवर गेलाय, रक्तातच आहे. खरंच असं असतं का?
– एक आई, दापोली तालुका

उत्तर: ताई, सासूबाई रागावल्या तर रागावू देत, पण डिझेलचोरी रक्तात नसते. स्वभावाचा काहीच भाग नाही असं मी म्हणणार नाही, काही पोरं मुळातच उतावळी, त्यांना थ्रिल लागतं, उद्याचं उद्या बघू, आणि अशांचा पाय घसरायचा चान्स जास्त हे खरंय. पण असली धाडसी पोरं चांगले खलाशीपण होतात ना. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलं होतं की अगदी लहानपणापासून त्रास देणारी आणि मोठेपणीही तेच करणारी मुलं थोडी, बाकीची बरीचशी वयात आल्यावर बिघडतात नि पुढे आपसूक सुटतात. तुम्ही आधीची काही तक्रार लिहिली नाहीये, म्हणून मला तुमचा मुलगा दुसऱ्यातला वाटतो.

मला खटकलं ते तेच, "काय फरक पडतोय". साईक्स आणि मात्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये नेमकं हेच पकडलं, की चोरी वाईट हे या पोरांनाही कळतं, फक्त तेवढ्यापुरती मनाची समजूत काढून ठेवतात: कोणाचं नुकसान झालंच नाही, माझा दोष नाही, तो त्याच लायकीचा, पोलीस तरी कुठे धुतल्या तांदळाचे, दोस्तांसाठी केलं. (आपण दुकानात "बिल नको" म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो म्हणा.)

यावर लेक्चर देऊ नका, त्याला हिशोबाला बसवा. डिझेल चोरीला गेल्यावर त्या दिवशी बोट समुद्रात गेली का, हे तांडेलाला (बोटीच्या मुख्य खलाशाला) त्यालाच विचारायला लावा. बोट गेली नसेल तर खलाशांचा त्या दिवसाचा वाटा किती बुडाला ते वहीत त्याच्याच हाताने लिहू दे, मालकाच्या चार बोटी असतील, खलाशाची एकही नसते.

केसचं फार टेन्शन घेऊ नका. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक तरी बाई. साधी चोरी म्हणून नोंद असेल तर तिला कायद्यात जास्तीत जास्त ३ वर्षं आहेत त्यामुळे ती किरकोळ गुन्ह्यात धरतात, चौकशी ४ महिन्यांत संपवायची, फार तर अजून २. पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये त्याला ठेवता येत नाही.

एक मात्र सांभाळा. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी घरची माहिती घ्यायला येतील तेव्हा "आमचा चांगला होता हो, त्या दोघांनी बिघडवला" असं बोलू नका, कारण तो दाराआड उभा राहून ऐकत असणार आणि पहिली सबब सुटायच्या आत त्याला दुसरी मिळेल, तीही आईकडून.