खालून नको, वरून जा

प्रिय बाळ,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, म्हणजे ट्यूबच्या, ‘बँक’ नावाच्या स्टेशनात उतरलीस, पाट्या बघत एका बोगद्यातून दुसऱ्यात शिरलीस, भलत्याच तोंडाने मॉन्युमेंटपाशी बाहेर पडलीस, त्यात फोन बंद पडला. आणि खोलीवर पोचल्यावर ठरवून टाकलंस की उरलेले पाच दिवस टॅक्सीनेच फिरायचं. ‘मावशी, हे शहर माझ्या डोक्यात बसतच नाहीये.’ बसेल कसं? तीन दिवसांत तू लंडन पाहिलंयस कुठे?

तुझी यादीही नीट वाचली. प्रत्येक ठिकाणापुढे स्टेशनाचं नाव. एका स्टेशनात खाली उतरायचं, दुसऱ्यात वर यायचं, फोटो काढायचा, पुन्हा खाली. मधलं शहर कुठे गेलं? मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पत्रभर सांगणार आहे: खालून नको, वरून जा.

तुझ्या हातात जो ट्यूबचा नकाशा आहे, तो हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने आखला आणि १९३३ साली लोकांच्या हातात आला. गाडी कुठे बदलायची हे कळावं म्हणून त्याने सगळ्या रेषा सरळ आणि तिरक्या केल्या, स्टेशनं सारख्या अंतरावर मांडली. त्या कामासाठी तो नकाशा उत्तमच आहे. पण त्यावरून अंतर मोजायचं नसतं, आणि तू तेच करते आहेस. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ट्यूबने गेलीस म्हणून लिहिलंयस. ते अंतर जेमतेम २६० मीटर आहे गं! जिने उतरायचे, गाडीची वाट बघायची, परत वर यायचं, तेवढ्यात चालत दोनदा जाऊन येशील. पुण्यात तुळशीबागेतून मंडईत जायला तू रिक्षा करतेस का?

तुझ्या स्वतःच्या रस्त्याचंच घे. तू राहतेस त्या क्वीन्सवेवर दोन स्टेशनं आहेत, क्वीन्सवे आणि बेजवॉटर. एकातून बाहेर पडून त्याच रस्त्याने सरळ चाललीस की दोन-तीन मिनिटांत दुसरं. नकाशात मात्र ती दोन वेगळ्या रेषांवर आहेत. तो बघून गेलीस तर नॉटिंग हिल गेटला जाऊन गाडी बदलून परत यावं लागेल. तीन दिवस तू त्या रस्त्यावर राहते आहेस. हे तुला दिसलं होतं का? खरं सांग.

मी लंडनला पहिल्यांदा आले ती नोकरीच्या कामासाठी. कंपनीची गाडी असायची. सकाळी हॉटेलच्या दारात, संध्याकाळी ऑफिसच्या दारात. मोठी सोय होती, सगळे हेवा करायचे. त्या मुक्कामातलं एक वळणसुद्धा आज मला सांगता येणार नाही. तेव्हा पाय धडधाकट होते, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असायचा, आणि ते सगळे दिवस गाडीच्या काचेआड गेले. याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून तू टॅक्सी म्हणालीस तेव्हा मी जरा जोरातच बोलले. टॅक्सीही वरूनच जाते, हे मलाही कळतं. पण तिथे रस्ता ड्रायव्हरला कळतो, तुला नाही.

आणि त्या ड्रायव्हरला तरी तो कसा कळतो? लंडनच्या काळ्या टॅक्सी चालवणाऱ्यांना ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते, १८६५ पासून. शहराच्या मधोमध असलेल्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात. त्यासाठी माणसं तीन-चार वर्षं हँडलला नकाशा अडकवून स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घालतात, ऊन-पाऊस काही बघत नाहीत. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. २००० साली त्यांनी दाखवून दिलं की मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, त्याची मागची बाजू यांच्यात इतरांपेक्षा मोठी असते. तुला परीक्षा द्यायची नाहीये. पण शहर डोक्यात बसतं ते कसं, ते यात आलं.

आता तू म्हणशील, सगळीकडे पायी कशी जाऊ? नको जाऊस. बस आहे ना! वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी बस. एकदा कार्ड टेकवलंस की तासाभरात कितीही बस बदल, पैसे एकदाच कापले जातात. म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढलीस तरी उतरून दुसरी धरायला काही लागत नाही. फक्त दर वेळी तेच कार्ड वापर. एकदा कार्ड आणि एकदा फोन केलंस तर त्यांच्या हिशोबी ते दोन वेगळे प्रवासी. रोख पैसे बसमध्ये २०१४ पासून चालत नाहीत. कार्ड चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही.

फोन पर्समध्ये ठेव. रस्त्याच्या कडेला हातात धरून उभी राहिलीस तर सायकलवरून येऊन हिसकावून नेतात, हे तुला तुझ्या दादाने सांगितलंच असेल. रस्ता हवा असेल तर फुटपाथवर उंच खांब दिसतील, माथ्याला पिवळा पट्टा असलेले, त्यांच्यापुढे उभी राहा. त्यावरच्या नकाशात उत्तर दिशा वर नसते. तू ज्या दिशेला तोंड करून उभी आहेस ती वर असते. पाच मिनिटांत चालत कुठवर जाशील त्याचं वर्तुळही काढलेलं असतं. आणि रस्त्यांच्या पाट्या वाच. कोपऱ्यावरच्या पाटीवर नावाबरोबर लाल अक्षरांत पोस्टाचा विभागही असतो. तुझ्याकडे ‘डब्ल्यू २’, उद्या जाशील तिथे ‘एनडब्ल्यू ३’.

विमानतळावर जाताना, रात्री उशिरा, पाय बोलायला लागल्यावर खुशाल खालून जा. १८६३ पासून लोक जातच आहेत, माझं त्या रेल्वेशी वैर नाही. घरी मला हट्टी म्हणतात ते म्हणू देत. तुझे काका म्हणतात, हिच्याबरोबर गेलं की निम्मी ठिकाणं बघायची राहतात. राहतात, कबूल आहे. पण आज ते जे परक्या शहराबद्दल रंगवून सांगतात, ते सगळं आम्ही पायी गेलेल्या रस्त्यांवरचं असतं. संग्रहालयातलं एकही नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलेलं आहे.

तर उद्या. क्वीन्सवेच्या टोकाला मोठा रस्ता ओलांड, समोर केन्सिंग्टन गार्डन्स. तिथून सर्पेंटाइन तळ्याच्या कडेने हाइड पार्क, मग हाइड पार्क कॉर्नर ओलांडून ग्रीन पार्क, मग सेंट जेम्सेस पार्क. तिथल्या तळ्यावर पेलिकन आहेत. १६६४ साली रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिले, तेव्हापासून तिथे पेलिकन असतातच. बाहेर पडलीस की ट्रॅफल्गर स्क्वेअर. दक्षिणेला राजा पहिला चार्ल्स याचा घोड्यावरचा पुतळा आहे. लंडनपासूनची अंतरं त्या जागेपासून मोजतात. साधारण पाच किलोमीटर चालणं होईल आणि जवळजवळ सगळं झाडांखालून.

तिथून हॅम्पस्टेड हीथला जाणारी २४ नंबरची बस धर. तुझ्या यादीत शेवटी ‘आंबेडकर हाउस, चॉक फार्म स्टेशन’ आहे ना? तिथे स्टेशनातून उगवायचं नाही. बस टॉटनहॅम कोर्ट रोडला लागेल तेव्हा उजव्या हाताला, थोडं आत, ब्रिटिश म्युझियम आहे. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब दिवसभर वाचत बसायचे, आणि १९२१-२२ मध्ये राहायचे किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरच्या घरात. ही दोन टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत, मध्ये चढ कुठे लागतो, वस्ती कशी बदलत जाते, हे तुला त्या बसमध्ये बसल्या बसल्या कळेल. ट्यूबमधून कळणार नाही. कॅम्डेनचं मार्केट मागे पडलं की उतर, चॉक फार्म रोडने तशीच पुढे चाल. गडद लाल फरशांचं स्टेशन दिसलं की डावीकडे रुळांवरचा पूल. तो ओलांडलास की पोचलीसच. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. २०१५ साली ते घर महाराष्ट्र सरकारने घेतलं. उघडं असेल तर आत जा, घाई करू नकोस. नंतर जमलं तर मागच्या प्रिमरोझ हिलवर चढ आणि सकाळपासून कुठून कुठे आलीस ते बोटाने दाखवता येतंय का बघ.

परतीच्या बसचा नंबर मी मुद्दाम सांगत नाहीये. स्टॉपवरचा नकाशा वाचून तूच शोध. संध्याकाळी मला फोटो नकोत. कुठल्या रस्त्यावरून कुठल्या रस्त्यावर वळलीस, ती नावं ओळीने लिहून पाठव. एखादं सुटलं तर सुटू दे, पण फोनमध्ये बघून लिहू नकोस. आणि पॉवर बँक आज रात्रीच चार्जिंगला लाव. तुझी आई दोनदा फोन करून गेली आहे.

तुझी,
मावशी